अन्ननलिकेची तपासणी : आधी दोरा, मग गरज पडली तर दुर्बीण

अन्ननलिका म्हणजे घशापासून जठरापर्यंत जाणारी, साधारण 25 सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी. घास आला की ती फुगते, पुढे गेला की मिटते. या लवचीकपणामुळेच तिच्यातला आजार उशिरा कळतो. आत गाठ वाढत असली तरी उरलेल्या जागेतून अन्न बराच काळ सरकत राहतं. 'घास अडकतोय' अशी तक्रार सुरू होते तेव्हा नळीची बरीचशी वाट बंद झालेली असते. त्यात, पोटातल्या बहुतेक अवयवांना बाहेरून जसं पातळ आवरण असतं तसं अन्ननलिकेला नाही, त्यामुळे कॅन्सरला आजूबाजूला पसरायला फारसा अडथळा राहत नाही. 2022 साली जगभरात सुमारे 5 लाख 11 हजार लोकांना अन्ननलिकेचा कॅन्सर झाल्याचं निदान झालं, आणि त्याच वर्षी सुमारे 4 लाख 45 हजार लोक त्याने दगावले. हे दोन आकडे एकमेकांच्या इतके जवळ आहेत, यातच सगळं आलं.

हाच आजार अस्तराच्या अगदी वरच्या थरात असताना सापडला तर चित्र पार बदलतं. तेवढा भाग दुर्बिणीतूनच कापून काढता येतो किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेने जाळता येतो. छाती उघडावी लागत नाही, आणि बहुतेक रुग्ण बरे होतात. म्हणजे उपाय हाताशी आहे, अडचण आहे ती वेळेवर सापडण्याची.

मग सगळ्यांचीच एंडोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आतून तपासणी, का करत नाहीत? एंडोस्कोपी उत्तम तपासणी आहे, यात वाद नाही. अस्तर डोळ्यांनी दिसतं आणि संशय आला तर तिथेच तुकडा काढून बायोप्सीला पाठवता येतो. पण त्यासाठी 9 ते 10 मिलिमीटर जाडीची नळी तोंडातून आत घालावी लागते, अनेकांना गुंगीचं औषध द्यावं लागतं, त्या दिवशी गाडी चालवता येत नाही, सोबत कुणीतरी लागतं. शिवाय प्रशिक्षित डॉक्टर, वेगळी खोली, प्रत्येक वेळी नळीचं निर्जंतुकीकरण हा सगळा पसारा आहेच. आणि तपासायचं किती लोकांना? पाश्चात्त्य देशांत आठवड्यातून एकदा तरी छातीत जळजळ होणारे प्रौढ 10 ते 20 टक्के आहेत. एवढ्या लोकांना दुर्बिणीखाली घेणं कुठल्याच आरोग्यव्यवस्थेला झेपणारं नाही, आणि त्यातल्या बहुतेकांना त्याची गरजही नसते.

म्हणून गेल्या काही वर्षांत प्रश्न जरा वेगळा विचारला जाऊ लागला आहे. दुर्बिणीला पर्याय काय, असं न विचारता, दुर्बीण कोणाला लागणार हे आधीच कसं ठरवायचं? या लेखातल्या जवळजवळ सगळ्या युक्त्या या दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं आहेत.

शोधायचं काय आहे?

अन्ननलिकेच्या कॅन्सरचे मुख्य प्रकार दोन, आणि त्यांची गल्लत झाली की पुढचं सगळं चुकतं.

पहिला स्क्वॅमस प्रकार. अन्ननलिकेचं मूळ अस्तर चपट्या पेशींच्या थरांचं असतं, त्यातच तो उगवतो. जगातले बहुतांश रुग्ण याच प्रकारचे. तंबाखू, दारू आणि फार गरम पेयं ही त्याची ओळखीची कारणं. 65 अंश सेल्सिअसपेक्षा गरम पेयं पिणं 'बहुधा कॅन्सरकारक' आहे असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2016 मध्ये जाहीर केलं होतं. छातीतल्या जळजळीशी या प्रकाराचा फारसा संबंध नाही.

दुसरा ॲडेनोकार्सिनोमा, आणि त्याची मुळं मात्र याच जळजळीमध्ये आहेत. जठरातलं आम्ल वर्षानुवर्षं वर येत राहिलं की अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचं चपट्या पेशींचं अस्तर काही जणांत बदलतं, आणि तिथे आतड्यात शोभावं असं, उभ्या पेशींचं अस्तर तयार होतं. याला बॅरेट्स इसोफेगस म्हणतात. नॉर्मन बॅरेट या ब्रिटिश सर्जनने 1950 मध्ये त्याचं वर्णन केलं, पण हा भाग म्हणजे छातीत ओढलं गेलेलं जठरच आहे, असा त्यांचा समज होता. ती अन्ननलिकाच आहे हे ॲलिसन आणि जॉनस्टोन यांनी 1953 मध्ये दाखवून दिलं. नाव मात्र बॅरेट यांचंच राहिलं.

बॅरेट्स म्हणजे कॅन्सर नव्हे. पेशींमध्ये आणखी बिघाड झालेला नसेल तर अशा 1,000 लोकांपैकी वर्षाला साधारण 1 ते 5 जणांनाच कॅन्सर होतो. डेन्मार्कमध्ये देशभरातल्या नोंदींवरून 2011 साली काढलेला आकडा तर वर्षाला 0.12 टक्के इतकाच होता. बॅरेट्स असलेले बहुतेक लोक आयुष्याच्या शेवटी दुसऱ्याच कुठल्या तरी कारणाने जातात. पण ॲडेनोकार्सिनोमा या पायरीवरून पुढे जातो: आधी बॅरेट्स, मग पेशींमधला सौम्य बिघाड, मग तीव्र बिघाड, मग कॅन्सर. ही चढण बऱ्याच वर्षांची असल्यामुळे मध्येच गाठायला वेळ मिळतो. पंचाईत अशी की बॅरेट्सचं स्वतःचं असं एकही लक्षण नाही. त्यामुळे कॅन्सर झालेल्या बहुतेक रुग्णांना आपल्याला आधी बॅरेट्स होता हे माहीतच नसतं.

दोऱ्याला बांधलेला स्पंज

अन्ननलिकेतून पेशी खरवडून बाहेर आणण्याची कल्पना नवी नाही. चीनच्या हेनान प्रांतातल्या लिनशियान भागात स्क्वॅमस कॅन्सरचं प्रमाण विलक्षण जास्त होतं. तिथे गेल्या शतकाच्या मध्यापासून जाळीदार फुगा वापरला जाई. तो फुगा गिळायचा, आत फुगवायचा, वर ओढायचा आणि त्याला चिकटलेल्या पेशी काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. स्वस्त आणि सोपी पद्धत. पण पुढे तिची एंडोस्कोपीशी तुलना झाली तेव्हा कॅन्सरपूर्व बिघाडांपैकी निम्म्याहून कमीच ती पकडते असं दिसलं, आणि ती मागे पडली. तिच्या जागी आली आयोडीन फवारून केलेली एंडोस्कोपी. निरोगी पेशींतल्या ग्लायकोजेनमुळे आयोडीन तपकिरी रंग धरतं, बिघडलेला भाग फिका राहतो आणि लगेच नजरेत भरतो.

फुग्याचं घोडं अडलं होतं ते पेशी वाचण्यापाशी. पेशी बाहेर येत होत्या, पण हजारो साध्या पेशींच्या गर्दीत चार बिघडलेल्या शोधायच्या त्या माणसाच्या नजरेने. केंब्रिज विद्यापीठात रिबेका फिट्झगेराल्ड यांच्या गटाने सायटोस्पंज तयार केला तेव्हा खरी प्रगती झाली ती याच टप्प्यावर.

आधी तो घेतात कसा ते पाहू. मोठ्या व्हिटॅमिनच्या गोळीएवढं कॅप्सूल, त्याला दोरा. काही तास उपाशीपोटी राहून ते पाण्याबरोबर गिळायचं. दोऱ्याचं दुसरं टोक नर्सच्या हातात. जठरात पोचल्यावर पाच-सात मिनिटांत कॅप्सूलचं वेष्टण विरघळतं आणि आत दाबून भरलेला स्पंज फुलून 3 सेंटिमीटरचा गोळा होतो. मग नर्स दोरा ओढते. काही सेकंदांत स्पंज अन्ननलिकेची पूर्ण लांबी घासत वर येतो आणि येताना लाखो पेशी घेऊन येतो. भूल नाही, गुंगी नाही, ऑपरेशन थिएटर नाही. ओढण्याचे ते क्षण सुखाचे नसतात, घसा खवखवतो, उबळ येऊ शकते. 'काहीच कळत नाही' असं कुणी सांगत असेल तर ती जाहिरात समजावी. पण रुग्ण लगेच उठून कामाला जाऊ शकतो.

आता पेशी वाचण्याचा भाग. प्रयोगशाळेत त्या पेशींचा एक ठोकळा बनवतात, त्याच्या पातळ चकत्या काढतात आणि टीएफएफ3 नावाच्या प्रथिनाला चिकटणारं रंगद्रव्य त्यावर घालतात. हे प्रथिन आतड्यातल्या गॉब्लेट पेशी बनवतात. अन्ननलिकेच्या निरोगी अस्तरात ते नसतं, जठराच्या वरच्या भागातही नसतं. त्यामुळे चकतीवर तपकिरी ठिपके दिसले की आतड्यासारखं अस्तर तिथे तयार झालं आहे, म्हणजे बॅरेट्सची शक्यता आहे, असा अर्थ होतो. नजरेचा प्रश्न बराचसा रंगाने सोडवला. आणखी एक छान पडताळा यात आपोआप होतो: नमुन्यात जठराच्या उभ्या पेशी असायलाच हव्यात. त्या नसतील तर स्पंज खालपर्यंत पोचलाच नाही, आणि 'निगेटिव्ह' अहवालाला अर्थ नाही. अशा वेळी चाचणी पुन्हा करावी लागते.

याचा मोठा कस लागला इंग्लंडमधल्या बेस्ट3 चाचणीत, जिचे निष्कर्ष 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. 109 फॅमिली डॉक्टरांचे दवाखाने, 50 वर्षांवरचे 13 हजारांहून जास्त लोक, सगळे जळजळीवर सहा महिन्यांहून अधिक काळ औषध घेणारे. एका गटाला नेहमीसारखं, डॉक्टरला गरज वाटली तर एंडोस्कोपी. दुसऱ्या गटातल्या 6,834 जणांना स्पंजची चाचणी देऊ केली. वर्षभरात पहिल्या गटात 13 जणांना बॅरेट्स सापडला, दुसऱ्या गटात 140 जणांना. दुसऱ्या गटात 4 जणांना पेशींमधला बिघाड आणि 5 जणांना पहिल्या टप्प्यातला कॅन्सर सापडला. नेहमीच्या गटात असं एकही निदान झालं नाही.

आकडे देखणे आहेत, पण त्यांच्या आत डोकावायला हवं. ज्यांना चाचणी देऊ केली त्यांच्यातल्या 2,679 जणांनीच तयारी दाखवली, निकषांत 1,750 बसले, आणि कॅप्सूल नीट गिळू शकले 1,654. त्यातल्या 221 जणांचा अहवाल पॉझिटिव्ह आल्यामुळे त्यांची एंडोस्कोपी झाली आणि 131 जणांना खरोखरच बॅरेट्स किंवा कॅन्सर निघाला. म्हणजे एंडोस्कोपी झालेल्या दर पाचांपैकी साधारण दोघांना ती विनाकारण करावी लागली. एका रुग्णात स्पंज दोऱ्यापासून सुटला आणि तो दुर्बिणीने काढावा लागला. असं क्वचितच होतं, पण संमतीपत्रावर सही करण्याआधी रुग्णाला हे माहीत असलं पाहिजे.

अमेरिकेत केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात याच कामासाठी वेगळं साधन तयार झालं, इसोचेक. त्यातही दोरीसारखी बारीक नळी आणि कॅप्सूल, पण स्पंजऐवजी खडबडीत पृष्ठभागाचा छोटा फुगा. जठरात फुगवून, अन्ननलिकेच्या फक्त खालच्या भागात घासून, तो पुन्हा कॅप्सूलच्या आत ओढून घेतात, म्हणजे वर येताना दुसऱ्या पेशी मिसळत नाहीत. नमुना वाचायची रीतही निराळी. इथे पेशी कशा दिसतात हे न बघता त्यांच्या डीएनएमधल्या दोन जनुकांवर, व्हीआयएम आणि सीसीएनए1 यांवर, रासायनिक खुणा चढल्या आहेत का ते पाहतात. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अभ्यासात या चाचणीने बॅरेट्स असलेल्या 100 पैकी सुमारे 90 जणांना ओळखलं. अर्थात असे पहिले अभ्यास बहुधा निवडक रुग्णांवर होतात. दवाखान्यात येणाऱ्या सरसकट लोकांवर आकडे थोडे उतरतात, हा जवळपास सगळ्याच तपासण्यांचा अनुभव आहे.

कॅमेऱ्याच्या वाटेनेही प्रयत्न झाले. नाकातून घालायची 6 मिलिमीटरहून बारीक दुर्बीण गुंगीशिवाय वापरता येते. रुग्ण बसून बोलू शकतो, आणि तुकडाही काढता येतो, फक्त तो लहान असतो. मला ही पद्धत तिच्या योग्यतेच्या मानाने दुर्लक्षित वाटते. गिळायच्या कॅमेरा-कॅप्सूलचं मात्र इथे जमलं नाही. लहान आतड्यात ते तासन्‌तास फिरतं म्हणून उपयोगी पडतं. अन्ननलिकेतून काही सेकंदांत घसरून जातं, थांबवता येत नाही, आणि तुकडा तर काढताच येत नाही.

हीच चाचणी, वेगळे लोक

सोपी चाचणी आहे तर सगळ्यांनाच करू या, हा मोह स्वाभाविक आहे. तो का आवरायचा हे कागदावर गणित मांडलं की दिसतं.

समजा, एखादी चाचणी बॅरेट्स असलेल्या 100 पैकी 80 जणांना पकडते आणि नसलेल्या 100 पैकी 92 जणांना बरोबर सोडते. स्पंजच्या एका मोठ्या अभ्यासातले आकडे साधारण असेच होते. आता 1,000 असे लोक घ्या की ज्यांच्यात जोखीम जास्त आहे आणि 100 जणांना बॅरेट्स आहे. चाचणी 80 जणांना पकडेल, 20 सुटतील. उरलेल्या 900 पैकी 72 जणांना ती उगाच पॉझिटिव्ह ठरवेल. म्हणजे 152 एंडोस्कोपी, त्यात 80 खरे. चांगला सौदा. तीच चाचणी अशा 1,000 लोकांवर करा की ज्यांच्यात फक्त 10 जणांना बॅरेट्स आहे. पकडले जातील 8, आणि उगाच पॉझिटिव्ह ठरतील 79. म्हणजे 87 एंडोस्कोपींत 8 खरे, आणि बाकीच्यांच्या वाट्याला काही आठवड्यांची कॅन्सरची धास्ती. साधन तेच, अचूकता तीच. बदलली फक्त माणसांची निवड.

म्हणूनच अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजी या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचना जळजळ असलेल्या प्रत्येकाला तपासा असं म्हणत नाहीत. जुनी, सतत होणारी जळजळ आणि शिवाय तीन किंवा अधिक जोखमीच्या गोष्टी असतील तर एकदा तपासणी करा, असं त्या म्हणतात. या गोष्टी म्हणजे पुरुष असणं, वय 50 च्या पुढे, गौरवर्ण, धूम्रपान, लठ्ठपणा, आणि आई-वडील, भावंडं किंवा मुलांपैकी कुणाला बॅरेट्स किंवा हा कॅन्सर असणं. तपासणी एंडोस्कोपीने करावी, पण गिळायचं कॅप्सूल आणि प्रयोगशाळेतली चाचणी हाही चालण्याजोगा पर्याय आहे, असं त्यात पहिल्यांदाच नोंदवलं गेलं.

या निवडीलाही भोक आहे, आणि ते मोठं आहे. ॲडेनोकार्सिनोमा झालेल्या रुग्णांपैकी सुमारे 40 टक्के लोकांना आधी कधी जळजळीचा लक्षात राहावा असा त्रास झालेलाच नसतो. आम्ल वर येत असतं, पण अन्ननलिका कुरकुरत नाही. जळजळीच्या चाळणीतून हे लोक आधीच निसटलेले असतात, मग पुढचं कॅप्सूल कितीही चांगलं असो.

लहान मुलांचा वेगळा प्रश्न

या साधनांचा सर्वात निर्विवाद उपयोग मला कॅन्सरबाहेर दिसतो. इओसिनोफिलिक इसोफेजायटिस नावाच्या ॲलर्जीसारख्या आजारात अन्ननलिकेच्या अस्तरात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी गोळा होतात. सूक्ष्मदर्शकाच्या एका मोठ्या क्षेत्रात त्या 15 किंवा जास्त दिसल्या की निदानाला आधार मिळतो. अडचण निदानानंतर सुरू होते. औषध बदललं, एखादा अन्नघटक बंद केला, तो पुन्हा सुरू केला, की दर वेळी आतली सूज उतरली का ते पाहावं लागतं, आणि लक्षणांवरून ते कळत नाही. म्हणजे वाढत्या वयाच्या मुलाला भूल देऊन पुन्हा पुन्हा एंडोस्कोपी.

त्यावर कोलोरॅडोतल्या डॉक्टरांनी काढलेला उपाय म्हणजे नुसता दोरा. दोरा भरलेलं कॅप्सूल गिळायचं, दोऱ्याचं वरचं टोक गालाला चिकटवायचं, तासभर थांबायचं आणि दोरा बाहेर काढायचा. तेवढ्या वेळात अन्ननलिकेतला स्राव दोऱ्यात मुरतो आणि त्यात इओसिनोफिलशी संबंधित प्रथिनं किती आहेत ते मोजता येतं. पहिलं निदान अजूनही बायोप्सीनेच होतं, पण मधल्या फेऱ्या कमी होऊ शकतात. इथे कुणाला तपासायचं हा वाद नाही, रुग्ण आधीच ठरलेला आहे.

बॅरेट्सच्या जुन्या रुग्णांतही हाच विचार पुढे आला आहे. त्यांना दर दोन-तीन वर्षांनी एंडोस्कोपीला बोलावण्याची पद्धत आहे. ब्रिटनमध्ये 910 रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्पंजच्या नमुन्यात पेशींचा बिघाड आणि पेशींची बेलगाम वाढ रोखणाऱ्या पी53 या प्रथिनातला दोष पाहून रुग्णांची कमी, मध्यम आणि जास्त जोखीम अशी वाटणी केली. निम्म्याहून अधिक लोक कमी जोखमीत बसले, आणि त्यांच्यात गंभीर बिघाड जवळजवळ सापडलाच नाही. अशांची फेरतपासणी दुर्बिणीऐवजी स्पंजने होऊ शकते.

त्याच वर्षी आलेला दुसरा निष्कर्ष मात्र उत्साह थोडा खाली आणतो. बॉस नावाच्या ब्रिटिश चाचणीत बॅरेट्सच्या 3,400 हून अधिक रुग्णांपैकी अर्ध्यांना दर दोन वर्षांनी एंडोस्कोपी केली, अर्ध्यांना फक्त गरज पडली तर. दहा वर्षांहून जास्त काळ पाहिल्यावर दोन्ही गटांतल्या मृत्यूंमध्ये ठळक फरक दिसला नाही. जास्त शोधलं म्हणजे जास्त वाचवलं असं आपोआप होत नाही, विशेषतः आजाराची जोखीम मुळातच कमी असेल तेव्हा.

दवाखान्यात विचारायचं काय?

घास अडकणं, गिळताना दुखणं, विनाकारण वजन घटणं, रक्ताची उलटी, काळी शौच किंवा कारण न सापडणारा रक्तक्षय यांपैकी काही असेल तर कॅप्सूलचा विचारच करू नये, सरळ एंडोस्कोपी करावी. तिथे आता चाळणीचा प्रश्न उरलेला नसतो, निदान करायचं असतं. नळी आधीच अरुंद झाली असेल तर स्पंज अडकूही शकतो. यकृताच्या आजारामुळे अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या असतील किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर घासणारं कुठलंही साधन वापरण्याआधी डॉक्टरांना ते सांगावंच लागतं.

अशी लक्षणं नाहीत, पण जळजळ बरीच वर्षं आहे आणि वर सांगितलेल्या जोखमीच्या गोष्टी जुळत असतील, तर 'मला बॅरेट्ससाठी एकदा तपासायला हवं का?' हा प्रश्न डॉक्टरांना थेट विचारावा. गोळ्यांनी जळजळ थांबली म्हणजे अस्तर पूर्ववत झालं असं नाही, आणि पुष्कळ लोक याच समजुतीवर वर्षानुवर्षं गोळ्या घेत राहतात. कॅप्सूलची चाचणी केली तर नमुना पुरेसा होता का हे अहवालात पाहावं. पॉझिटिव्ह आली तर ते निदान नव्हे, एंडोस्कोपीचं बोलावणं आहे. निगेटिव्ह आली तरी पुढे कधी घास अडकायला लागला तर जुना अहवाल दाखवून वेळ काढू नये.

स्पंजच्या चाचणीमुळे कॅन्सरचे मृत्यू खरंच कमी होतात का, हे पाहण्यासाठी ब्रिटनमध्ये बेस्ट4 नावाची चाचणी सुरू आहे. जळजळीवर दीर्घकाळ औषध घेणाऱ्या 1 लाख 20 हजार लोकांना तीत सामील करून घ्यायचं ठरलं आहे. उत्तराला बरीच वर्षं लागतील, कारण बॅरेट्सपासून कॅन्सरपर्यंत जायलाच तेवढी वर्षं लागतात.